ऐन वेळची डिसेंबरची सुट्टी: पुण्याहून तीन दिवस, दोन रात्री, आजी आणि मुलांसह

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला राहणारं कुटुंब. यजमानांना ऐन वेळी २६ डिसेंबरची रजा मंजूर झाली, त्यामुळे शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस हाताशी आले. मुलगी चार वर्षांची, मुलगा दहा वर्षांचा, सोबत बहात्तर वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. गाडी घरची. महाबळेश्वर, लोणावळा, अलिबाग सगळीकडे चौकशी झाली. एक तर खोली नाही, नाहीतर भाव दुप्पट-तिप्पट. ताई विचारतात, "आता चार दिवसांवर आलंय. कुठे जाता येईल, की यंदा राहू द्यावं?"

ताई, राहू देऊ नका. कुटुंबांच्या सहली आखून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असे फोन रोज येतात. तीन दिवसांत उत्तम सहल होते. फक्त आधी गाव ठरवून मग खोली शोधायची ही सवय सोडावी लागते. ऐन वेळी उलट करावं लागतं: आधी रस्ता, मग खोली, आणि त्या खोलीभोवती जे असेल ती सहल. आणि दोन्ही रात्री एकाच ठिकाणी. एक रात्र इथे, एक रात्र तिथे असं केलंत की शनिवारची सकाळ सामान बांधण्यात आणि दुपार नवीन खोलीची किल्ली मिळण्याची वाट बघण्यात जाते. सासूबाईंना तर ते अजिबात करायला लावू नका.

रस्ता आधी का, ते सांगतो. नाताळ गुरुवारी आला आहे. त्यामुळे बुधवारी संध्याकाळपासून मुंबईहून निघालेली सगळी गर्दी खंडाळ्याच्या घाटात येते आणि तिथून लोणावळा, पवना, पुढे पुणे ओलांडून पाचगणी-महाबळेश्वर अशी पसरते. दुसरी तुकडी माणगावमार्गे कोकणात आणि गोव्याला. म्हणजे पुण्याच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला जाणारे रस्ते भरलेले असतात. पूर्वेला, सोलापूर रस्त्याला, सुट्टीची गर्दी त्या मानाने किरकोळ. पुणेकर सहसा सहलीसाठी पूर्वेकडे बघतच नाहीत, कारण सहल म्हटली की डोंगर नाहीतर समुद्र हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पण थंडीत पूर्वेकडे जे असतं ते वर्षाच्या दुसऱ्या कुठल्याच दिवसांत नसतं.

म्हणून माझी पहिली शिफारस भिगवण. उजनी धरणाचा फुगवटा, तिथले पक्षी आणि आसपासच्या शेतांवरचा हुरडा.

पुण्याहून भिगवण शंभर-एकशे पाच किलोमीटर. शुक्रवारी सकाळी साडेसहाला निघालात तर हडपसर, लोणी काळभोर गर्दी व्हायच्या आत पार होतं आणि साडेनऊपर्यंत, चहा-नाश्त्यासाठी थांबूनही, पोचता. यवतच्या पुढे भुलेश्वराचा फाटा लागतो. देऊळ यादवकालीन, कोरीव काम थक्क करणारं, स्त्रीरूपातला गणपती तिथेच आहे. गाडी देवळाच्या बरीच जवळ जाते, पण पायऱ्या आहेत आणि आत अंधार असतो. सासूबाईंना झेपेल का, ते पायऱ्यांपाशी उभं राहूनच ठरवा. त्या खाली उन्हात बसल्या तरी काही बिघडत नाही. दहा वर्षांच्या मुलाला मात्र नक्की आत न्या आणि तो गणपती त्याला शोधायला सांगा.

भिगवणजवळ कुंभारगाव आणि डिकसळ या दोन ठिकाणांहून होड्या सुटतात. होडीवाले मूळचे मासेमारी करणारे. पाणी कुठे उथळ आहे, कुठला थवा कालपासून कुठल्या बेटाशी बसतो आहे, हे त्यांना रोजचं माहीत असतं. त्यांच्यातल्याच काहींनी घरगुती राहण्याची सोय केली आहे. खोल्या साध्या, जेवण घरचं. मासे खात असाल तर चिलापीचं कालवण आणि तळलेले तुकडे मागा. लहान मुलीला वाढताना काटे काढून द्या, चिलापीला ते बरेच असतात.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण बरेच जण ती न सांगताच पाहुणे बोलावतात. भिगवण म्हणजे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, असं समीकरण झालं आहे. पण रोहित पक्ष्याला गुडघाभर पाणी आणि चिखल लागतो. यंदा पाऊस भरपूर झाला, उजनी काठोकाठ भरलं. धरण भरलेलं असलं की उथळ जागा पाण्याखाली असतात आणि रोहितांचे मोठे थवे उशिरा येतात. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी ओसरायला लागलं की ते खरे दिसतात. म्हणून डिसेंबरअखेरीस शेकडो गुलाबी पक्षी दिसतील असं मुलांना आधीच सांगून ठेवू नका. होडीवाल्याला फोनवर सरळ विचारा, "सध्या रोहित किती आहेत, आणि दुसरं काय दिसतंय?" प्रामाणिक माणूस खरं सांगतो.

आणि दुसरं जे दिसतं ते कमी नाही. पट्टकदंब हंस असतात. डोक्यावर दोन काळे पट्टे, त्यावरून ते नाव. हे पक्षी हिमालय ओलांडून येतात, आणि ते ऐकल्यावर दहा वर्षांचा मुलगा त्या पक्ष्याकडे वेगळ्याच नजरेने बघतो. चक्रवाकांच्या नारिंगी जोड्या, चित्रबलाक, शराटी, पाण्यावर सूर मारणारे सुरय. दुर्बीण असेल तर घ्या, नसेल तर ओळखीत कोणाकडून तरी दोन दिवसांसाठी मागून आणा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात यातलं फारसं काही येत नाही आणि मुलं पाच मिनिटांत कंटाळतात. दुर्बीण हातात असली की तासभर गप्प बसतात.

होडी शनिवारी सकाळी घ्या, शुक्रवारी दुपारी नको. या दिवसांत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. पावणेसातला काठावर असलात की पाण्यावरून धूर निघाल्यासारखं धुकं असतं आणि थवे अजून हललेले नसतात. नऊनंतर वारा सुटतो, इतर होड्या येतात आणि पक्षी लांब सरकतात. थंडीचं गणित नीट करा: काठावर दहा-बारा अंश असलं तरी चालत्या होडीत, पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यात, ते त्याहून बरंच कमी वाटतं. मुलांना कानटोपी, पायमोजे, आतून एक बनियन, वरून स्वेटर आणि त्यावर वारा अडवणारं काहीतरी. सासूबाईंच्या गुडघ्यांवर शाल. पाण्याची बाटली गरम पाण्याने भरून घ्या.

लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाऊल ठेवू नका आणि चार वर्षांच्या मुलीच्या मापाचं जॅकेट आहे का, हे आदल्या दिवशी विचारा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या अंगातून वर सरकतं, त्याचा उपयोग नाही. तिच्या मापाचं नसेल तर ती आणि आजी काठावर थांबोत, तुम्ही आळीपाळीने जा. मे २०२४ मध्ये याच उजनीच्या पाण्यात कळाशी आणि कुगावच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जण बुडाले. थंडीत पाणी शांत असतं, तरी या बाबतीत भीड बाळगू नका. आणि होडीवाल्याला आधीच सांगा की थवा दिसला की इंजिन बंद करून काठीने होडी पुढे घे, फोटोसाठी पक्षी उडवू नकोस. लोकांनी मागितलं म्हणून ते उडवतात. दर अर्ध्या तासाला उडवला गेलेला थवा दुपारपर्यंत ती जागाच सोडतो.

शनिवारी दुपारी हुरडा. मुलांनी तो आधी खाल्ला नसेल तर ही गोष्ट त्यांच्या लक्षात राहील. दौंड, बारामती, इंदापूर, कर्जत या पट्ट्यात बरेच शेतकरी डिसेंबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत हुरड्याचा बेत करतात. माणशी दर असतो, त्यात बहुधा जेवणही. ज्वारीचं कणीस दुधाळ दाण्याचं असतं तेव्हाच हुरडा होतो. दाणा चिमटीत दाबला की पांढरा चीक यावा. एकदा तो टणक झाला की संपलं. त्यामुळे शेत अमुकच असं धरून बसू नका. यंदा पाऊस लांबल्याने जिथे पेरणी उशिरा झाली तिथे कणसं अजून भरलेली नसतील. फोनवर विचारा: "कणीस तुमच्या शेतातलं आहे ना, आणि खायला सुरुवात कधी झाली?" उत्तर "कालपासून" किंवा "चार दिवस झाले" असं आलं तर उत्तम. "तुम्ही या, करू व्यवस्था" असं आलं तर दुसरीकडे फोन लावा. हुरड्यासाठी गूळभेंडी या ज्वारीच्या वाणाचं नाव जुनी माणसं घेतात. ती मिळाली तर गोडी वेगळीच.

आगटीत गोवऱ्या पेटवून निखारे होतात, त्यात कणसं खुपसतात, आणि भाजलेलं कणीस तिथलाच कोणी तरी तळहातावर चोळून दाणे मोकळे करतो. ते चोळणं बघायला मुलांना जवळ बसवा, पण चार वर्षांच्या मुलीला देताना दाण्यांवर फुंकर मारून कूस नीट उडवून द्या, नाहीतर घशाला लागते आणि मग ती दुसरा दाणा खात नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही, बोरं. हुरड्यावर पाणी पिऊ नये, ताक प्यावं असं घरोघरी सांगत आले आहेत; मुलांच्या पोटाच्या दृष्टीने मीही तेच सांगतो. आणि लगेच पुढे वाढलेलं पिठलं-भाकरीचं जेवण आग्रहाने जेवू नका. हुरडा जड असतो.

दिवस कसे लावायचे? शुक्रवारी भुलेश्वर करून दुपारच्या जेवणाला मुक्कामी, विश्रांती, चारनंतर सिद्धटेक. अष्टविनायकांतला हा सिद्धिविनायक भीमेच्या काठावर, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात. देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं. विनायकी चतुर्थी होऊन गेलेली असेल, त्यामुळे दर्शनाला फार रांग नसावी. नदीवर थोडं बसा. शनिवारी सकाळी होडी, दुपारी हुरडा, संध्याकाळी काहीही नाही. हे "काहीही नाही" जाणूनबुजून ठेवा. मुलं अंगणात खेळतील, सासूबाई शेकोटीपाशी बसतील, आणि तुम्हा दोघांना तासभर बोलायला मिळेल. रविवारी पहाटे जमलं तर रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य, नाहीतर राशीनला जगदंबेचं दर्शन. तिथल्या हलणाऱ्या दीपमाळा मुलांना दाखवा. दोन्ही करू नका. साडेदहा-अकराला परतीला लागा. दुपारी जेवून निघालात की मांजरी-हडपसरच्या रांगेत संध्याकाळ जाते आणि दोन दिवसांत घेतलेली विश्रांती तिथेच संपते.

या रस्त्याबद्दल एक कळकळीची सूचना. थंडी म्हणजे कारखान्यांचा गाळप हंगाम. दौंड, इंदापूर, बारामती, कर्जत सगळीकडे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागे दिवा किंवा चमकपट्टी असेलच असं नाही. दिवसा त्या दिसतात. रात्री समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर असताना उभी ट्रॉली दिसते तेव्हा फार जवळ आलेली असते. सूर्य सहाच्या थोडं नंतर मावळतो. सातच्या आत गाडी मुक्कामाच्या अंगणात लागलेली हवी, हा नियम मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला घालतो आणि तुम्हालाही घालतो. पहाटे निघतानाही कॅनॉलच्या आणि नदीच्या कडेला धुकं दाट असतं. दिसत नसेल तर दहा मिनिटं थांबा, होडीवाला कुठे जात नाही.

समुद्रच हवा असा मुलांचा हट्ट असेल तर दिवेआगर-श्रीवर्धन-हरिहरेश्वर. पण ते पहाटे पाचला निघण्याची तयारी असेल तरच. मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन असा रस्ता. सगळं अडतं ते माणगावात, कारण तिथे मुंबई-गोवा महामार्गाची गर्दी गावातून जाते. साडेआठच्या आत माणगाव ओलांडलंत तर अकराला दिवेआगर. दहाला पोचलात तर तिथेच दीड-दोन तास जाऊ शकतात, आणि गाडीत चार वर्षांचं मूल असताना ते दोन तास फार लांब असतात. ताम्हिणीत मुलांना उलटी होते. निघताना दूध पाजू नका, कोरडी पोळी किंवा खाकरा द्या, आणि औषध द्यायचं असेल तर तुमच्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.

दिवेआगरला मोठ्या रिसॉर्टांच्या मागे लागू नका, ती भरलेलीच असणार. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधल्या घरगुती सोयींना फोन करा. तिथे जेवणाची पानं आधी सांगावी लागतात. रात्री किती जण जेवणार हे सकाळी सांगितलं नाही तर घरच्या बाईंची तारांबळ उडते. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगा. हवा तिथे पुण्यासारखी नसते: दुपारी चांगलं ऊन लागतं, रात्री एक पातळ स्वेटर पुरतो. सासूबाईंना ही हवा मानवेल, थंडीने आखडलेले गुडघे समुद्रकाठी थोडे मोकळे होतात असं अनेक आजी-आजोबा सांगतात.

समुद्रावर जायची वेळ घड्याळाने नाही, तिथीने ठरवा. कोकणातला जुना हिशेब फार सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. २६ तारखेला पौष शुद्ध षष्ठी आहे. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमाराला भरती पूर्ण, आणि त्याच्या साधारण सहा तास आधी, साडेदहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी हेच पाऊण तास पुढे. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला पुरतो. पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचाराच. शनिवारी हरिहरेश्वरला गेलात तर सकाळी दहा-साडेदहाला देवळात असा. तिथली डोंगराभोवतीची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते. भरतीला लाटा थेट वाटेवर येतात. ओहोटीलाही खडक शेवाळाने निसरडे असतात आणि पायऱ्या उंच आहेत, त्यामुळे आजी आणि धाकटी देवळापाशीच थांबोत, तुमच्यापैकी एकाने मुलाला घेऊन फेरी करावी. मुलं पाण्यात खेळणार असतील तर भरती चढत असताना खेळू द्या, पाणी उतरायला लागलं की बाहेर काढा. ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू आणि माणूस दोन्ही ओढतं. रविवारी परतताना मुळशी-भूगावची रांग दुपारी तीननंतर वाढते, त्यामुळे तिथूनही सकाळी नऊपर्यंत निघा.

तिसरा पर्याय वाई. महाबळेश्वर हवंच असेल तर राहा वाईला आणि वर जा फक्त सकाळी. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट, तिथली मोठी घंटा, ढोल्या गणपती, धोम एवढ्यात एक दिवस छान जातो. दुसऱ्या दिवशी सहाला पसरणी घाट चढा. थंडी कडक पडली असेल तर वेण्णा तलावाच्या परिसरात पहाटे दवबिंदू गोठतात, ते बघून, स्ट्रॉबेरी घेऊन बाराच्या आत खाली या. बारानंतर वर जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि तुम्ही रिकाम्या रस्त्याने उतरत असता. वाई-मेणवलीचे नदीवरचे घाट मात्र पायऱ्यांचे आहेत, म्हणून सासूबाईंसाठी मी हा पर्याय तिसरा ठेवला.

नको ते थोडक्यात सांगतो. रायगड, प्रतापगड या दिवसांत टाळा. डिसेंबर हा शाळांच्या सहलींचा महिना, एसटीच्या गाड्यांची रांग लागलेली असते, आणि रायगडच्या रोपवेला आजींना घेऊन ताटकळण्यात अर्थ नाही. शिर्डी ३१ तारखेच्या आसपास नकोच. ताडोबाची सफारी ऐन वेळी मिळणं कठीण. वेरूळ-अजिंठा चांगला बेत आहे, पण पल्ला लांबचा आणि चालणं फार. पुढे कधी कराल तेव्हा लक्षात ठेवा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. कास पठारावर आता फुलं नसतात, कोणी जुने फोटो पाठवले तर भुलू नका.

आता खोली. ॲपवर "उपलब्ध नाही" दिसलं म्हणजे खोली नाही असं समजू नका. घरगुती सोयी करणारे बरेच जण या आठवड्यात ॲपवरून खोल्या काढून घेतात आणि फोनवरच देतात. शिवाय मुक्कामाच्या दोन-तीन दिवस आधी कोणाचं ना कोणाचं रद्द होतंच: मूल आजारी पडतं, रजा रद्द होते. म्हणून सकाळी दहा-अकराला एकदा आणि संध्याकाळी सातनंतर एकदा फोन करा, आणि नाही म्हणणाऱ्यालाही सांगा, "कोणी रद्द केलं तर आधी आम्हाला कळवा, आम्ही लगेच पैसे पाठवू." पर्यटन महामंडळाची, म्हणजे एमटीडीसीची हरिहरेश्वरची निवासंही त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर रोज बघत राहा, रद्द झालेली खोली तिथे पुन्हा दिसू लागते.

फोनवर भाव विचारण्याआधी चार गोष्टी विचारा. तळमजल्याची खोली आहे का? कमोड आहे का, आणि बाथरूमच्या दारात उंच उंबरठा आहे का? गरम पाणी किती वाजता आणि किती जणांना पुरेल? सौरबंब असेल तर सकाळी सहाला पहिल्या दोन बादल्यांनंतर पाणी थंड येतं. अशा ठिकाणी आजींची अंघोळ संध्याकाळी ठरवा. आणि पाच जण एका खोलीत झोपणार असतील तर गाद्या किती, पांघरुणं किती? थंडीत पांघरूण कमी पडणं हे मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं गाऱ्हाणं आहे. दोन रजया घरून गाडीत टाका, जागा होते.

मालकाला खोलीचा आणि बाथरूमचा व्हिडिओ कॉल करून दाखवायला सांगा. खरा मालक दोन मिनिटांत दाखवतो. हे मी आग्रहाने सांगतो, कारण सुट्टीच्या आठवड्यात खोटे नंबर आणि खोटी संकेतस्थळं फार फिरतात. नकाशावर दिसणारा नंबरही कधी कधी भलत्याचाच असतो. नंबर दोन ठिकाणांहून ताडून बघा, यूपीआयवर येणारं नाव मालकाच्या किंवा हॉटेलच्या नावाशी जुळतंय का बघा, आणि अर्ध्याहून जास्त आगाऊ देऊ नका. "पाच मिनिटांत पूर्ण रक्कम भरा, नाहीतर खोली जाईल" असं कोणी म्हटलं की फोन ठेवा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर आता ५ टक्के जीएसटी आहे; कोणी जुन्या १२ टक्क्यांनी हिशेब केला तर सांगा. ओळखपत्रं सगळ्या मोठ्यांची लागतात, मुलांचं आधारही सोबत असू द्या.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी एवढंच: एसटी सोयीची आहे. महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, ७५ च्या पुढे मोफत. रेल्वेचं तत्काळ प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडतं, वातानुकूलित डब्यांचं सकाळी दहाला, बाकीचं अकराला. त्यासाठी आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं लागतं, ते आजच करून ठेवा. पक्कं झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. पुण्याहून दौंडमार्गे सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीने भिगवणही गाठता येतं, पण तिथे थांबणारी गाडी बघून घ्या आणि पुढच्या वाहनाची सोय मुक्कामाच्या मालकाशी बोलून ठेवा.

सासूबाईंचं आणखी एक. दर दीड तासाने गाडी थांबवा आणि त्यांना चार पावलं चालू द्या, त्यांनी "नको, मी बरी आहे" म्हटलं तरी. मोठी माणसं आपल्यामुळे उशीर नको म्हणून पाणी पीत नाहीत, आणि मग दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, बीपी वाढतं. थांबण्याची जागा तुम्ही आधीच ठरवा, स्वच्छ शौचालय असलेली. त्यांची औषधं डिकीतल्या बॅगेत नकोत, हातातल्या पिशवीत हवीत, एक दिवसाची जास्त. आणि बेत ठरवताना त्यांना विचारा. सिद्धटेकचं नाव ऐकल्यावर अनेक आजी स्वतःच तयारीला लागलेल्या मी पाहिल्या आहेत.

आज रात्री प्रथम भिगवणच्या दोन-तीन घरगुती सोयींना फोन करा, मग होडीवाल्याला, मग हुरड्याला. उद्या दुपारपर्यंत तिथे जमलं नाही तरच दिवेआगर, आणि तिथेही नाही जमलं तर वाई. बुधवारी संध्याकाळपर्यंत कुठेच तळमजल्याची खोली मिळाली नाही, किंवा २५ तारखेला धाकटीला ताप आला, तर ओढूनताणून जाऊ नका. मालकाकडे आगाऊ रक्कम परत मागण्याऐवजी तारीख पुढे ढकलून मागा. ते बहुतेक जण आनंदाने देतात, कारण जानेवारीत त्यांच्या खोल्या रिकाम्या असतात. ५ ते २२ जानेवारीच्या दरम्यानचे दोन दिवस निवडा, प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेली सुट्टी टाळा. तोपर्यंत उजनीचं पाणी थोडं उतरायला लागलेलं असेल, हुरडा भरात असेल, आणि दोन दिवस शाळा बुडाली तर बाईंना आधी चिठ्ठी द्या.